सांधा आधीच रॅम्पकडे लावून ठेवा

एकतीस वर्षं ट्रक चालवला. आधी सहाचाकी, मग दहाचाकी, शेवटची सात वर्षं ट्रेलर. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून एका ट्रान्सपोर्टच्या आवारात नव्या पोरांना घाट उतरायला शिकवतो. परवा त्यांतल्या एकाने मोबाईल पुढे केला. परदेशातला कुठला तरी घाट. एक ट्रक चाकांतून धूर सोडत सुसाट येतो, रस्ता सोडून बाजूच्या खडीच्या पट्ट्यात घुसतो, चाकं दिसेनाशी होतात आणि गाडी उभी राहते.

"काका, ही काय भानगड? मुद्दाम रुतवून घ्यायची गाडी?"

हो, मुद्दाम. ब्रेक गेलेली गाडी थांबवायला केलेल्या या पट्ट्याला रॅम्प म्हणतात. त्या पोरांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. खडी कशी काम करते हा सोपा भाग आहे, तो आधी उरकतो. अवघड भाग ड्रायव्हरच्या डोक्यातला आहे.

मी हा रॅम्प डोळ्यांनी पाहिला तो अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात. लेक डेन्व्हरला असते. एका रविवारी जावईबापूंनी आय-७० हायवेने डोंगर दाखवायला नेलं. तिथला आयझेनहॉवर बोगदा जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर त्याच्या निम्म्यालाही लागत नाही. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण १३ किलोमीटर सलग उतार आहे आणि तेवढ्यात रस्ता सहाशे मीटरहून जास्त खाली येतो. आपल्या घाटासारखी कात्रीची वळणं नाहीत. रस्ता ऐसपैस, गुळगुळीत. मी मागच्या सीटवर बसून पाय उगाच खाली दाबत होतो. लेक हसायला लागली. तिला म्हटलं, बाई, तुला रस्ता दिसतोय, मला उतार दिसतोय.

या उतारावर स्ट्रेट क्रीक नावाच्या ओढ्याकाठी दोन रॅम्प आहेत, एक वर, एक खाली. खालच्या रॅम्पवर मला दोन खोल चाकोऱ्या दिसल्या. नांगर घातल्यासारख्या. म्हणजे इतक्यातच कुणीतरी आत जाऊन थांबलेलं होतं. जावईबापूंना गाडी थांबवायला सांगावंसं वाटलं, पण रॅम्पच्या तोंडाशी थांबणं हा गुन्हाच समजला पाहिजे, म्हणून गप्प बसलो.

आधी ब्रेक का जातो ते बघू. तिकडे भरलेल्या ट्रेलरची नेहमीची मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. एवढं वजन सहाशे मीटर खाली आणायचं आणि वेग वाढू द्यायचा नाही, हे सगळं एकट्या ब्रेकवर टाकलं तर जी उष्णता तयार होते तिच्यात साडेसहाशे लिटर पाणी उकळीला येईल. तीन पिंपांहून जास्त. ती उष्णता ड्रम (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा) आणि लायनर (ब्रेक दाबला की ड्रमला आतून घासणारा तुकडा) यांनी मिळून गिळायची. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. लायनर जास्त तापला की त्याची पकड जाते. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो; टाकीत हवा भरपूर, पेडल जागेवर, पाय पूर्ण दाबलेला, आणि गाडी मात्र ऐकत नाही. आपण म्हणतो "ब्रेक फेल झाला". बऱ्याचदा तुटलेलं-फुटलेलं काहीच नसतं, ब्रेक दमलेला असतो. तासाभराने गाडी गार झाली की तोच ब्रेक लागतोसुद्धा, आणि मग मालक विचारतो, "काय रे, तुझा ब्रेक तर चांगला आहे!"

आता खडी. रस्त्याच्या कामाला वापरतो ती क्रशरची खडी इथे चालत नाही. तिला धारा असतात, ती एकमेकांत अडकून घट्ट बसते, म्हणून तर रस्त्याला वापरतात. रॅम्पला लागतात नदीतल्यासारखे गोल, गुळगुळीत, जवळपास एकाच मापाचे गोटे, वाटाण्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे. ते कधी घट्ट बसत नाहीत. त्यावर चाक आलं की गोटे बाजूला सरकतात, चाक खाली जातं, पुढे गोट्यांचा ढिगारा तयार होतो आणि चाकाला तो सतत ढकलत राहावा लागतो. गाडीची सगळी मस्ती गोटे हलवण्यात जिरते.

हे लेकीच्या स्वयंपाकघरात नातवाला करून दाखवलं होतं. तुम्हीही घरी करा, पाच मिनिटांचं काम आहे. एक फळी घ्या, एक टोक दोन उशांवर टेकवा, खाली फरशीवर खेळण्यातला ट्रक सोडा. आमचा ट्रक थेट सोफ्याखाली गेला. मग फळीच्या पायथ्याशी परातीत रवा ओतून वाटीने थापून घट्ट बसवला. परातीची कड मध्ये येऊ नये म्हणून फळीचं टोक कडेवरून आत टेकवलं. ट्रक रव्यावरून सरळ पलीकडे गेला आणि परातीच्या दुसऱ्या कडेला आपटला. शेवटी रवा काढून कोरडा साबुदाणा ओतला, न थापता. ट्रकची पुढची चाकं निम्मी बुडाली आणि वीतभर अंतरात गाडी थांबली. नातवाने ती वीस वेळा थांबवली. साबुदाणा नंतर धुऊन खिचडीला वापरला, पण ते लेकीला सांगितलेलं नाही.

रव्याचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोट्यांमध्ये माती-कचरा शिरला की साबुदाण्याचा रवा होतो. पट्टा घट्ट बसतो, पाणी धरतो, थंड मुलखात गोठून फरशीसारखा होतो. म्हणून रॅम्पच्या तळाशी पाण्याचा निचरा करणारी व्यवस्था लागते, गोट्यांची खोली मीटरभर तरी ठेवतात, आणि प्रत्येक वापरानंतर पट्टा पुन्हा उकरून मोकळा करतात. नुसता बांधून सोडून दिलेला रॅम्प चार-पाच पावसाळ्यांत निकामी होतो, हे आपल्याकडच्या कंत्राटाच्या सवयी माहीत असलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आणखी एक बारकावा. तोंडाशीच मीटरभर खोल गोटे भरले तर पुढचा एक्सल एकदम खाली बसेल आणि मागचा माल केबिनमध्ये येईल. म्हणून सुरुवातीला थर फक्त ७-८ सेंटिमीटरचा असतो, आणि पुढच्या ३० ते ६० मीटरमध्ये तो हळूहळू पूर्ण खोलीला जातो. आधी टायर ओढला जातो, मग रिम, मग एक्सल. थांबणं जोरदार असतं पण भिंतीवर आपटल्यासारखं नसतं.

किती लांब पट्टा लागतो? यासाठी इंजिनिअर लोकांचं एक सोपं सूत्र आहे, आणि ते ड्रायव्हरलाही कळलं पाहिजे. ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करा. त्याला २५४ ने भागा. जे येईल त्याला पुन्हा जमिनीच्या ओढीने भागा. ही ओढ डांबरावर ०.०१२ धरतात, वाळूत ०.१५ आणि गोल गोट्यांत ०.२५. रॅम्प चढाचा असेल तर चढ त्यात मिळवायचा, उताराचा असेल तर वजा करायचा.

ताशी १०० चा वेग घेऊ. १०० गुणिले १०० म्हणजे १०,०००. भागिले २५४ म्हणजे ३९.४. सपाट डांबरावर ब्रेकशिवाय गाडी सोडली तर या हिशोबाने ती तीन किलोमीटरच्या वर जाईल. गोट्यांच्या सपाट पट्ट्यात तीच गाडी १५७ मीटरमध्ये थांबते. पट्ट्याला १० टक्के चढ दिला तर सुमारे ११२ मीटरमध्ये. आता वेग ताशी १३० धरा. सपाट पट्टा लागतो २६६ मीटर. वेग तीस टक्क्यांनी वाढला, अंतर जवळजवळ सत्तर टक्क्यांनी. म्हणजे रॅम्पमध्ये जायचंच असेल तर वेग कमी असताना जायचं. "अजून एक वळण बघू" म्हणून पुढे गेलात की पुढच्या रॅम्पला तुम्ही जास्त वेगात पोचणार, आणि तो रॅम्प तेवढा लांब असेलच असं नाही.

या सूत्रात वजन कुठेच नाही, हे बघून पोरं चकित झाली. खरंच नाही. गोट्यांत रुतायला वजन आणि धावायला वजन, दोन्ही एकमेकांना काटतात. वीस टन असो की चाळीस, अंतर साधारण सारखंच. ओव्हरलोडची शिक्षा रॅम्पमध्ये मिळत नाही. ती त्याआधी, ड्रममध्ये मिळते.

रॅम्पचे इतरही प्रकार आहेत. नुसता चढाचा रस्ता, गोट्यांशिवाय: यात गाडी चढून थांबते आणि मग ब्रेक नसल्यामुळे मागे घरंगळते, म्हणून तो प्रकार मला पसंत नाही. वाळूचे ढीग: जागा कमी लागते, पण थांबणं धसमुसळं. आणि जाळी. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात एव्हन माउंटनच्या उतारावर २००५ साली मोठा अपघात झाला, त्यानंतर तिथे रस्त्यालगत आडव्या जाळ्या लावलेला रॅम्प केला, २००८ मध्ये. गाडी एकेक जाळी ओढत जाते आणि थांबते. डोंगरात लांब पट्ट्याला जागाच नसेल तिथे हे बरं.

इथपर्यंत सगळं लोखंड आणि दगड. आता अवघड भाग.

माझे सासरे रेल्वेत सांधेवाले होते, कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी. त्या घाटात ३७ मीटरला एक मीटर असा उतार आहे, रेल्वेच्या मानाने भयंकर. इंग्रजांच्या काळापासून तिथे 'कॅच सायडिंग' आहेत: मुख्य रुळापासून फुटून डोंगरावर चढणारा एक आंधळा रूळ. बेकाबू गाडी त्यावर चढून थांबायची. ट्रकच्या रॅम्पचा हा थोरला भाऊच. मंकी हिल, ठाकूरवाडी, नागनाथ या ठिकाणी उतरणाऱ्या गाड्या थांबायच्या. प्रवाशांना वाटायचं सिग्नल नाही. सासरे सांगायचे, "सांधा नेहमी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडीने आधी थांबून दाखवायचं, ब्रेक माझ्या ताब्यात आहे म्हणून. दाखवलं की मग मी मेन लाइन देणार. नाही थांबली, तर ती आपोआप डोंगरावर जाणार. मला काही ठरवावं लागत नाही."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. कोलोरॅडोत तो रॅम्प बघताना कळलं. रेल्वेत सांधा आधीच सायडिंगच्या बाजूने लावून ठेवलेला असतो. रस्त्यावर उलटं असतं. काहीच ठरवलं नाही तर ट्रक मुख्य रस्त्यानेच जात राहतो. रॅम्पकडे वळायला ड्रायव्हरला स्वतः, घाबरलेला असताना, दोन-तीन सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. आणि माणूस त्या वेळी काय करतो ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी केलंय.

१९९४ साल. कराडकडून साखर भरली होती, ९० पोती, म्हणजे नऊ टन, चिपळूणला टाकायची. कोयनानगर, हेळवाक सोडलं आणि कुंभार्ली घाट लागला. रात्रीचे दोन. त्या काळी वाचवलेलं डिझेल ड्रायव्हरच्या खिशात जायचं, म्हणून उतार आला की गाडी न्यूट्रल करून सोडायची आमची सगळ्यांचीच रीत होती. मीही सोडली. तिसऱ्या-चौथ्या वळणाला जळक्या लायनरचा वास आला. क्लीनर म्हणाला, "भाऊ, वास येतोय." मी म्हटलं, "येऊ दे, खाली जाऊन बघू." हे माझं पहिलं वाक्य. पुढच्या वळणाला ब्रेक निम्माच लागला. मी गिअर टाकायला गेलो, तर दात वाजले, गिअर पडेना. गाडीने एकदा वेग घेतला की तसल्या गिअरबॉक्सला खालचा गिअर पडत नाही, हे माहीत असूनही तीन वेळा प्रयत्न केला. क्लीनर दार उघडून उभा राहिला. मी ओरडलो, "उडी मारू नकोस, थांबते गाडी!" हे दुसरं. थांबत नव्हती. पण मला खरंच वाटत होतं की थांबेल. मनात दोनच चित्रं होती, एक मालकाचं तोंड आणि दुसरं साखरेची पोती. मरण वगैरे डोक्यातही नव्हतं.

डोंगराच्या बाजूला मोरीच्या कामासाठी वाळूचा लांबट ढीग पडलेला हेडलाइटमध्ये दिसला. मी गाडी त्यात घातली. घातली म्हणतो खरा, पण आधीच्या वळणावर तसाच एक ढीग होता आणि तो मी सोडला होता. तिथे गाडीचा वेग निम्मा असेल. का सोडला? बंपर जाईल म्हणून.

ट्रक आपल्याच दोन लांब्यांत थांबला. पुढचा एक्सल गाडला गेला, काच फुटली, वरची पोती केबिनवर येऊन आदळली आणि फुटली. आम्ही दोघं साखरेत आणि वाळूत बसलो होतो. उजाडल्यावर माकडं आली. त्यांनी वाळू झटकून साखर खाल्ली.

पुढे २०१९ ची कोलोरॅडोतली बातमी वाचली तेव्हा तो सोडलेला ढीग आठवला. त्याच आय-७० वर, पण डेन्व्हरकडे उतरणाऱ्या बाजूला, २५ एप्रिल २०१९ ला लाकूड भरलेला एक ट्रक ब्रेक गेल्यावर लेकवूड इथे थांबलेल्या गाड्यांवर गेला. चार माणसं मेली. चालक २३ वर्षांचा होता. वाटेत रॅम्प होता आणि तो त्यात गेला नाही, हा खटल्यात मोठा मुद्दा ठरला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. लाखो लोकांनी सह्या करून विरोध केला आणि त्याच महिन्याच्या शेवटी गव्हर्नर जॅरेड पोलिस (हे त्यांचं आडनाव) यांनी ती १० वर्षांवर आणली. शिक्षा किती हवी यावर मी बोलणार नाही. मेलेल्यांच्या घरच्यांपुढे माझी ती पायरी नाही. पण २३ वर्षांच्या पोराने रॅम्प का सोडला हे मला कळतं. त्याने सांधा मेन लाइनला लावून ठेवला होता. सगळेच लावतात.

तर आता करायचं काय ते.

घाटाच्या माथ्यावर थांबा. चहासाठी नाही. खाली उतरून चाकांपाशी जा, हवा किती आहे बघा, गळतीचा फुस्स आवाज येतोय का ऐका, लायनरची सेटिंग बघा. कोलोरॅडोत माथ्यावर ट्रकला ब्रेक तपासायला स्वतंत्र जागा ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे रस्त्याकडेची कुठलीही सुरक्षित सपाट जागा. मग क्लीनरला किंवा स्वतःला मोठ्याने सांगा: "वास आला, धूर दिसला, हवेचा बझर वाजला, किंवा ठरवलेल्या वेगाच्या वर गाडी दुसऱ्यांदा गेली, तर पहिला रॅम्प घ्यायचा. विचार करायचा नाही." यातलं एक जरी घडलं तरी पुरे. हेच सांधा लावून ठेवणं. घाटात ठरवायला वेळ नसतो, माथ्यावर असतो. रॅम्प कुठे आहे, किती किलोमीटरवर, कोणत्या हाताला, हेही माथ्यावरच्या पाटीवरून आधी पाठ करा.

उतरायला लागण्याआधी गिअर टाका, नंतर नाही. भरल्या गाडीने हा घाट ज्या गिअरमध्ये चढाल तोच, किंवा त्याच्या एक खालचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी ओढून धरणारा) चालू. पायातला ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका, लायनर शिजतो. वेग ठरवलेल्या आकड्याला पोचला की नीट दाबून तीन सेकंदांत ८-१० किलोमीटरने खाली आणा आणि पूर्ण सोडा. पुन्हा पोचला की पुन्हा. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. न्यूट्रल आणि इंजिन बंद या दोन गोष्टींबद्दल मी आता पोरांना शिव्या घालूनच बोलतो. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद केलं की कॉम्प्रेसर ब्रेकची हवा भरायचा थांबतो, स्टीअरिंग जड होतं, इंजिनाची ओढही जाते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने बऱ्याच गाड्या ठोकल्या, तेव्हा प्राथमिक तपासात हेच पुढे आलं होतं, की उतारावर इंजिन बंद होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तो उतार इतका सौम्य दिसतो की घाट वाटतच नाही. डेन्व्हरकडे उतरताना आय-७० वर पिवळ्या पाट्या आहेत: "ट्रकवाल्यांनो, फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत." पुढे आणखी एक: "अजून खाली उतरला नाहीत." खालचं शहर दिसायला लागलं की ड्रायव्हर सैल होतो, म्हणून. त्या पाटीला मी गाडीतून हात जोडले.

रॅम्प घ्यायचा ठरला की हॉर्न धरून ठेवा, चारही इंडिकेटर आणि हेडलाइट चालू करा. पट्टा मोकळा दिसला की गाडी आधीच सरळ करून मधोमध न्या. पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी गोट्यांत गेली पाहिजेत. एक चाक आधी गेलं तर गाडी त्या बाजूला ओढली जाते, आणि ट्रेलर असेल तर मागचा डबा दुमडून केबिनवर येतो. आत शिरल्यावर स्टीअरिंग घट्ट, सरळ. वळवायचं नाही. ब्रेकशी झटायचं नाही, थांबवण्याचं काम आता गोट्यांचं आहे. सीटबेल्ट लावलेला, पाठ सीटला, डोकं टेकवलेलं. आणि उडी नाही. कुंभार्लीत क्लीनरला मी जे ओरडलो त्याचं कारण चुकीचं होतं, पण सल्ला बरोबर होता. ताशी साठच्या वेगात उडी मारणारा बऱ्याचदा स्वतःच्याच मागच्या चाकाखाली येतो.

आपल्या घाटांत असे रॅम्प क्वचितच दिसतात. मग? तेव्हाही सांधा आधीच लावायचा, फक्त रॅम्पच्या जागी काय ते माथ्यावर ठरवायचं. डोंगराच्या बाजूचं गटार, मातीचा ढिगारा, चढाचा फाटा, शेवटी डोंगराची भिंत घासत घासत जाणं. दरीची बाजू कधीच नाही. आणि घाट उतरल्यावर पायथ्याला तर अजिबात नाही. ४ जुलै २०२३ ला धुळे जिल्ह्यात पळासनेरला ब्रेक गेलेला ट्रक रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, किमान दहा जण गेले. उतार संपतो तिथेच चहाची टपरी, बस थांबा, भाजीवाली, शाळेतून सुटलेली पोरं असतात. गाडी जितकी वर, माणसं नसलेल्या जागी थांबवाल तितकं बरं.

कारवाल्यांसाठी एवढंच: ट्रक घाटात वीसच्या वेगाने उतरतोय म्हणजे ड्रायव्हर नीट काम करतोय, त्याच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका. कुठे रॅम्प दिसला तर तोंडाशी फोटोला थांबू नका. मागून चाकांतून धूर सोडत, हॉर्न वाजवत ट्रक येताना दिसला तर वाट द्या.

आणि रॅम्पमध्ये थांबल्यावर. हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, उतरून पट्ट्याच्या बाहेर उभे राहा, पोलिसांना फोन करा. गाडी स्वतः मागे काढायचा प्रयत्न करू नका, चाकं आणखी खाली जातात. पट्ट्याशेजारी क्रेनसाठी वेगळी लेन असते आणि तिच्याकडेला ठरावीक अंतरावर जमिनीत पक्के खुंट गाडलेले असतात. क्रेन त्यांना स्वतःला बांधून ट्रक ओढते. गाडी ओढून काढण्याचं बिल तिकडे ट्रकवाल्याला येतं, मोठं येतं. ते भरायची मालकाची तयारी आहे का, हेही त्याला आधीच विचारून ठेवा, म्हणजे उतारावर त्याचं तोंड आठवणार नाही.

गरम ड्रमवर पाणी ओतू नका. मी ओतलं होतं. कुंभार्लीत त्या रात्री गाडी थांबल्या थांबल्या पिण्याच्या पाण्याचा कॅन मागच्या डाव्या चाकावर रिकामा केला, फट्‌ असा आवाज आला आणि ड्रमला आडवा तडा गेला. साखरेची पोती मालकाने सोडून दिली. ड्रमचे पैसे मात्र माझ्या पगारातून कापले, दोन हप्त्यांत.